मागाचा आवाज कोण मोजणार?

'भोंगा' हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीसाठी गिरणीचा होता. गिरणगावात भोंगा वाजला की पाळी बदलायची, आणि घरातल्या घड्याळापेक्षा लोकांचा त्याच्यावर जास्त भरवसा असायचा. आज महाराष्ट्रात भोंगा म्हटलं की मशिदीवरचा लाउडस्पीकरच डोळ्यांसमोर येतो. २०२२ मध्ये या विषयावर जे राजकारण पेटलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. टीव्हीवरच्या चर्चा, पोलिसांच्या नोटिसा, परवानग्यांचे अर्ज, आवाज मोजायची यंत्रं. त्या निमित्ताने आपल्यातल्या अनेकांना पहिल्यांदा कळलं, की देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे.

या नियमांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मशीद असो, मंदिर असो, वरातीतला किंवा मिरवणुकीतला डीजे असो, मर्यादा सगळ्यांना सारखी असावी आणि सगळ्यांनी पाळावी. माझा प्रश्न वेगळा आहे. आवाज मोजायचं यंत्र मशिदीच्या गच्चीपर्यंत पोहोचलं. मग त्याच गल्लीतल्या लूमच्या कारखान्यात ते आजवर का शिरलं नाही?

मालेगाव आणि भिवंडी ही दोन नावं घेतली की यंत्रमाग आणि मुस्लिम समाज या दोन्ही गोष्टी एकत्र आठवतात. १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकर कुटुंबांनी मालेगावात हातमाग उभे केले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत येऊन पुन्हा चालू झाले. इचलकरंजीत आणि सोलापुरात हाच धंदा आहे, आणि तिथे मागावर उभे राहणारे देवांग, पद्मशाली, मराठा, दलित असे सगळे आहेत. भिवंडीत तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेले हजारो कामगार आहेत. म्हणजे हा केवळ मुसलमानांचा प्रश्न नाही. पण आपल्या समाजातल्या लाखो माणसांची रोजीरोटी या आवाजात कमावली जाते, म्हणून तो सगळ्यात आधी आपण बोलायला हवा होता.

ज्यांनी लूमचा कारखाना आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या मागावर धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकला जातो. त्याला दरवेळी लाकडी दांड्याचा जोरदार फटका बसतो, तो समोरच्या पेटीत जाऊन आदळतो, मग तिकडून परत फटका. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे चालतं. अशा एका मागाशेजारी दुसरा, तिसरा, विसावा माग. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी उघड्या विटांच्या किंवा सिमेंटच्या भिंती. आवाज शोषून घेईल असं तिथे काहीच नाही, त्यामुळे तो भिंतींवर आपटून परत कामगाराच्याच कानात येतो. अशा कारखान्यात आवाजाची पातळी साधारण ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असते, कधी त्याहून जास्त. आणि पाळी आठ तासांची नसते, बारा तासांची असते. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. आठवड्यातला तेवढा एकच दिवस कानाला विश्रांती.

आता हिशेब करू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आकड्यांशी रोजचा संबंध आहे, तरी डेसिबलचं गणित पहिल्या झटक्यात डोक्यात बसत नाही हे मान्य करायला हवं. ५० रुपयांचे १०० रुपये झाले की दुप्पट झाले, तसं डेसिबलचं नसतं. हे माप लॉगरिदमचं आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. म्हणजे ८० डेसिबलच्या गजबजलेल्या रस्त्यावरून उठून १०० डेसिबलच्या कारखान्यात गेलेल्या माणसाच्या कानावर शंभरपट ऊर्जा आदळत असते. कानावर होणारा परिणाम हा आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींवर ठरतो. म्हणून जगभरात याला 'मात्रा' समजून मोजतात, औषधाच्या मात्रेसारखं.

भारतातल्या कारखान्यांसाठीची जुनी रूढ मर्यादा आहे ९० डेसिबल, आठ तास. पातळी ५ डेसिबलने वाढली की वेळ निम्मी करायची. ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. म्हणजे १०० डेसिबलच्या कारखान्यात बारा तास उभा राहिलेला माणूस या सैल मापानेसुद्धा सहापट मात्रा घेऊन घरी जातो. अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संशोधन संस्था याहून कडक शिफारस करते: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. बारा तास म्हणजे अठ्ठेचाळीसपट. हे एका पाळीचं झालं. आयुष्यात तो अशा किती हजार पाळ्या करतो, याचा गुणाकार तुम्हीच करून पाहा.

कानात नेमकं काय होतं तेही समजून घेऊ, कारण 'वय झालं की ऐकू कमी येतंच' असं म्हणून आपण हा विषय संपवतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा अवयव असतो. त्यात केसासारखे तंतू असलेल्या काही हजार पेशी रांगेत उभ्या असतात. आवाजाच्या कंपनाने हे तंतू हलतात आणि त्याचा संदेश मेंदूकडे जातो. मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, आणि रोज थकत राहिल्या तर मरतात. त्वचेसारख्या त्या पुन्हा तयार होत नाहीत. मेलेली पेशी कोणत्याही थेंबांनी, गोळीने, तेलाने परत येत नाही.

आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची एक खास खूण आहे. तो ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. श्रवणचाचणीच्या आलेखात तिथे एक खड्डा दिसतो, आणि जाणकाराला तो पाहताच माणूस गोंगाटात काम करतो असा संशय येतो. सुरुवातीला त्या माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही, कारण बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे खालच्या पट्टीत असतात आणि ते नीट ऐकू येत राहतात. हळूहळू जातात ती व्यंजनं. स, श, फ, थ, ख. आवाज येतो, शब्द कळत नाही. 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. शांत खोलीत एकट्याशी बोलताना अडत नाही, पण लग्नात, बाजारात, चार माणसांत बसलं की गोंधळ उडतो.

माझे एक मामू मालेगावात तीस वर्षं लूमवर होते. त्यांच्या घरात कुणी हळू बोलत नाही. पाहुणा नवीन असला की मामी हसत सांगतात, "लूमवाले के कान हैं, जोर से बोलो." मामू जुम्याला पहिल्या रांगेत जाऊन बसतात, तरी बयानातलं अर्धं त्यांना कळत नाही, हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. फोनवर ते फार बोलत नाहीत. घरात सगळ्यांना वाटायचं की त्यांचा स्वभावच अबोल आहे. कानात रात्रंदिवस एक शिट्टी वाजत असते, तिला डॉक्टरी भाषेत टिनिटस म्हणतात आणि ती फार मोठ्या प्रमाणावर अशा कामगारांमध्ये आढळते, हे त्यांना साठाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

'लूमवाले के कान' हा शब्दप्रयोग आपण विनोदाने घेतो. माझ्या मते आपल्या वस्त्यांमध्ये या आजारावर आजवर झालेलं हे एकमेव जाहीर भाष्य आहे. सगळ्यांना ठाऊक आहे की लूमवर कान जातात. जे सगळ्यांना ठाऊक असतं त्याची तक्रार कुणी करत नाही.

नुकसान कानापुरतं थांबतही नाही. सततच्या मोठ्या आवाजात शरीर धोक्याच्या अवस्थेत राहतं, ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तदाब वाढण्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. झोप बिघडते. चिडचिड वाढते. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठतो, बोलणं टाळतो, एकटा पडतो. वैद्यकशास्त्रातल्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात मध्यमवयात ऐकू कमी येणं हे एक महत्त्वाचं कारण आहे. आणि कारखान्यात तर सरळ जिवाचा धोका असतो. मागून आलेली हाक, पट्टा तुटल्याचा आवाज, 'हट' म्हणून कुणी ओरडलेलं ऐकू आलं नाही की अपघात होतो.

हे सगळं नव्याने कळलंय असंही नाही. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ च्या आपल्या ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय, की दिवसभर ठोकाठोकी ऐकून त्यांचे कान निकामी होतात. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांना तपासलं, तेव्हा चारांतल्या तिघांना सभेतलं भाषण ऐकू येत नव्हतं किंवा ऐकायला त्रास होत होता. आपल्याकडचे माग ज्या जातकुळीचे आहेत त्या इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात गिरणीतल्या बायकांनी ओठांच्या हालचालींवरून बोलण्याची एक पूर्ण पद्धतच तयार केली होती, कारण मागांच्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. भिवंडीच्या कारखान्यात आज जाऊन पाहा. कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे काय, तळहात उलटा केला म्हणजे काय, हे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात शिकावं लागतं.

मग कायदा काय करतो? कागदावर बरंच काही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्यांची सरकारला सूचना देणं बंधनकारक आहे अशा आजारांच्या यादीत, आवाजामुळे येणारा बहिरेपणा आहे. कामगाराला तपासणाऱ्या डॉक्टरने तो कळवायचा असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम झालं असेल तर भरपाईचा दावा करता येतो. राज्य कामगार विमा कायद्याच्या यादीतही तो आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी जुने कायदे गुंडाळले, पण ही नोंद तिथेही कायम आहे.

अडतं ते खाली. ज्याच्या नावावर नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, त्याने सहा महिने एकाच शेठकडे काम केलं हे सिद्ध कसं करायचं? मजुरी मीटरवर मिळते, माग बंद तर पैसे बंद. एकाच छपराखालचे माग चार भावांच्या नावांवर दाखवले की कामगारांची संख्या कारखान्याच्या व्याख्येखाली उतरते, आणि नव्या संहितेने तर वीज वापरणाऱ्या ठिकाणी ही संख्या १० वरून २० वर नेली आहे. डॉक्टर गल्लीतला असतो, कानाचं यंत्र त्याच्याकडे नसतं, आणि तो रुग्णाला 'काय त्रास होतो' एवढंच विचारतो, 'काम काय करता' हे विचारत नाही. सरकारी नोंदींमध्ये या आजाराचे रुग्ण दिसत नाहीत, याचा अर्थ आजार नाही असा घेतला जातो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचंही असंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांना बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबलपेक्षा जास्त तूट असेल तरच माणूस 'ऐकू कमी येणारा' ठरतो. आवाजाने गेलेले कान वरच्या पट्टीत आधी जातात. बाजारात उभं राहून ज्याला एक वाक्य धड समजत नाही, असा कामगार या मापात बसत नाही आणि हात हलवत परत येतो.

ही अवस्था अटळ आहे का? आपल्याच समाजातलं एक दुसरं उदाहरण घेऊ. रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम घरांमधून पिढ्यानपिढ्या लोक बोटीवर जातात. जहाजाच्या इंजिनरूममधला आवाज लूमच्या कारखान्यापेक्षा कमी नसतो, अनेकदा जास्तच असतो. पण तिथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची आवाजाविषयीची संहिता आहे. ती २०१२ मध्ये मंजूर झाली आणि जुलै २०१४ पासून नव्या जहाजांना बंधनकारक आहे. इंजिनरूममध्ये ११० डेसिबलच्या वर जायचं नाही, झोपायच्या केबिनमध्ये किती असावा याचीही मर्यादा ठरलेली, ८५ च्या वरच्या जागेत कान झाकल्याशिवाय शिरायचं नाही, दारावर तशी पाटी. सगळीकडे सगळं पाळलं जातं असा दावा मी करत नाही. पण दापोलीच्या पोराच्या कानासाठी एक आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि मालेगावच्या पोराच्या कानासाठी एक साधी पाटीही नाही, हा फरक माग आणि इंजिन यांच्यातला नाही. जहाज बंदरात तपासलं जातं, कारखाना तपासला जात नाही, एवढाच तो फरक आहे.

माझ्या क्षेत्राकडे पाहिलं तर हे जास्तच खटकतं. आमच्या ऑफिसांत खुर्चीची उंची किती, स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब, मनगट टेबलावर कसं ठेवायचं, यावर तज्ज्ञ येऊन तासभर बोलतात. कुणाची मान आखडली तर टेबल बदलून मिळतं. हे सगळं योग्यच आहे. पण जी काळजी संगणकापुढे बसणाऱ्याच्या मानेची घेतली जाते ती मागापुढे उभ्या असलेल्याच्या कानाची का घ्यायची नाही, याचं उत्तर दोघांच्या पगारातल्या फरकापलीकडे मला सापडत नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप पोटाचा. धंद्यात मंदी आहे, सुताचे भाव वर, कापडाला उठाव नाही, माग भंगारात विकले जातायत, अशा वेळी कानाचं काय घेऊन बसलात? लहान मालक स्वतःच मागावर उभा असतो आणि त्याचेही कान जातातच, हे मी पाहिलंय. पण फोमच्या कानबोळ्यांची एक जोडी काही रुपयांत मिळते. श्रवणचाचणीचा खर्च काहीशे रुपये. यामुळे धंदा बुडेल असं कुणी म्हणत असेल तर तो धंदा आधीच कामगाराच्या शरीरातून उधारी घेऊन चालला आहे.

दुसरा आक्षेप कामगारांचाच. कानात बोळे घातले की मागाचा बिघाड कळत नाही, घाम येतो, खाज सुटते. यातलं घामाचं खरं आहे; म्हणून बोळे स्वच्छ हवेत, वेळच्या वेळी बदलायला हवेत, आणि पाळीत मधेमधे शांत जागेत बसायला मिळायला हवं. बिघाडाचं मात्र उलट आहे. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला मोठ्या गोंगाटात बोळे घातल्यावर बोलणं किंवा यंत्रातला बदल जवळपास तेवढाच कळतो, कारण बोळे गोंगाट आणि हवा असलेला आवाज दोन्ही सारखेच कमी करतात. अडचण येते ती ज्याचे कान आधीच गेलेत त्याला. म्हणून सुरुवात अठरा-वीस वर्षांच्या पोरांपासून व्हायला हवी, ज्यांच्याकडे अजून वाचवण्यासारखं काही आहे.

आणि बोळे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पहिला उपाय यंत्रावर: झिजलेले भाग बदलणं, तेल-पाणी वेळेवर, मागाखाली रबरी गादी, फटका बसतो तिथे चांगलं बफर, जमेल तिथे धोटा नसलेले माग. दुसरा उपाय जागेवर: छपराखाली आणि भिंतींना आवाज शोषणारे पण लवकर पेट न घेणारे पॅनल. तिसरा उपाय वेळेवर: बारा तासांची पाळी आठ तासांवर आणणं. आवाज तेवढाच राहिला तरी मात्रा एक तृतीयांशाने कमी होते. त्यासाठी मीटरचा दर वाढायला हवा, हे उघड आहे, आणि नेमकं हेच कुणाला बोलायचं नसतं.

सरकारकडे मागण्यासारखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकार यंत्रमागांना वीजदरात सवलत देतं. हा जनतेचा पैसा आहे. त्या सवलतीला एक साधी अट जोडा: कारखान्यातला आवाज वर्षातून एकदा मोजायचा आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाची श्रवणचाचणी करून तिचा कागद त्याच्या हातात द्यायचा. लहान मालकाला हे परवडत नसेल तर खर्च सरकारने आणि विणकरांच्या संघटनांनी वाटून घ्यावा. कामगार दहा आहेत की वीस, हा प्रश्नच मग उरत नाही, कारण विजेचं मीटर सगळ्यांकडे आहे.

आपण काय करू शकतो, याबद्दलही बोलतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे वडील, चाचा, भाऊ मागावर असतील किंवा गॅरेजमध्ये पत्रे ठोकत असतील, फरशा कापत असतील, बँडमध्ये वाजवत असतील. तुमच्या खिशातला फोन आवाज मोजू शकतो. नायॉशचं आवाज मोजायचं ॲप आयफोनवर मोफत आहे. अँड्रॉइडवरही अशी ॲप्स आहेत, थोडी कमी अचूक. त्यातला आकडा कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, पण ९८ हा आकडा स्क्रीनवर दिसला की बोलणं सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेचं 'हिअर डब्ल्यूएचओ' नावाचं ॲप गोंगाटात आकडे ऐकवून कानांची प्राथमिक चाचणी घेतं. अब्बूंना इयरफोन लावून पाच मिनिटं बसवा. निकाल कमी आला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि पहिलं वाक्य हेच सांगा: इतकी वर्षं लूमवर आहेत. कागदावर ते लिहून घ्या. पुढे भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडेल.

मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांवर काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ मध्ये ती स्थापन झाली आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचं, जे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. भिवंडीहून लोकलने आणि बसने जाता येईल इतक्या अंतरावर ती आहे. आपल्या किती तरुण मुला-मुलींना ऑडिओलॉजीचा अभ्यासक्रम असतो हे माहीत आहे? बारावी विज्ञान झालं की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, एवढ्याच दोन वाटा घरात बोलल्या जातात. मालेगावात, भिवंडीत आपल्याच वस्तीत वाढलेले दहा ऑडिओलॉजिस्ट असते, तर 'लूमवाले के कान' यावर हसण्याऐवजी कुणीतरी केव्हाच चाचणीची नोंदवही उघडली असती.

भोंग्याच्या वादात आपल्या तरुणांची खूप शक्ती गेली. समाजमाध्यमांवरची भांडणं, बैठका, कायद्यातली कलमं शोधणं. ते सगळं करताना आपण डेसिबल म्हणजे काय, मोजतात कसे, तक्रार कुठे करायची, हे शिकलो. ते शिक्षण वाया घालवण्याचं कारण नाही. कायद्याची तीच भाषा आता आपल्याच कामगारांसाठी वापरता येईल. तिथे समोर दुसऱ्या धर्माचा कुणी नसेल, कदाचित आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच मशिदीला चंदा देणारा शेठ असेल. म्हणून ते अवघड आहे, आणि म्हणूनच ते आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

आपल्या भागात दरवर्षी आरोग्य शिबिरं होतात. साखर तपासली जाते, रक्तदाब पाहिला जातो, डोळे तपासून चष्मे वाटले जातात. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. येत्या ३ मार्चच्या आधीच्या शुक्रवारी, लूम बंद असतील तेव्हा, त्या शिबिरात ऑडिओमेट्रीचं एक यंत्र आणि ते चालवणारा एक माणूस बसवा. खोली तेवढी शांत शोधा. पन्नास कामगारांचे पन्नास आलेख मिळाले, की ते घेऊन कामगार उपायुक्तांकडे जाता येईल. ४००० हर्ट्झवरचा तो खड्डा पन्नास कागदांवर एकाच जागी दिसला, तर त्यांना वयाचं कारण सांगून आपल्याला परत पाठवणं सोपं जाणार नाही.